ओसरीवरची दोन ताटं

स्वस्थ पडून राहणं मला जन्मात कधी जमलं नाही. आत्ता हे लिहायला बसले तरी दोनदा उठून आले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, आणि दुसऱ्यांदा उगीचच. अशा बाईला ऐन बाविशीत सांगण्यात आलं की खाटेवरून उठायचं नाही, बोलायचं कमी, हसायचं त्याहून कमी, आणि हे किती दिवस ते विचारायचं नाही.

लिहायचं कारण आमच्या शेजारची सुनंदा. गेल्या महिन्यात तिच्या छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाला. आता गोळ्या आहेत, नेमानं घेतल्या की माणूस खडखडीत बरं होतं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं, मीही सांगितलं. ती ऐकून घेते आणि रडते. परवा म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी तर गोळ्याही नव्हत्या. मग तुम्ही वाचलात कशा?" मी म्हटलं, लिहून देते. बोलायला लागले की मी भलतीकडेच जाते, आणि ही गोष्ट माझ्यापेक्षा आमच्या ह्यांची जास्त आहे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ते असते तर त्यांनी हे लिहू दिलं नसतं. म्हणजे नको म्हणाले नसते, फक्त चष्मा पुसत बसले असते.

नेवासे तालुक्यात, प्रवरेपासून मैलभर आत, लोकलबोर्डाच्या शाळेवर हे मास्तर होते. घरात आम्ही चौघं: हे, मी, साडेतीन वर्षांची कुमुद आणि सासूबाई. सासूबाईंचं सोवळं कडक. त्यांच्या चुलीपाशी जायचं तर ओलेत्यानं. बोलायला मात्र घरात मी एकटीच. ह्यांचं बोलणं सगळं शाळेत खर्च व्हायचं. घरी येत ते खिशात खडूचे तुकडे आणि तोंडात "हं" घेऊन.

विडा

बेचाळीसच्या गडबडीनंतरचा हिवाळा. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. मला दोन महिने खोकला होता, संध्याकाळी कणकण यायची, पहाटे घामानं उशी भिजायची. मी कुणाला बोलले नाही. आजारपण म्हणजे आळशी बायकांची सोय, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी विहिरीवर चारचौघींत ऐकवलेलंही होतं.

एके दिवशी खोकताना पदराला लाल लागलं. ह्यांनी ते पाहिलं. मी झटकन म्हटलं, "विडा खाल्लाय." सासरे गेल्यापासून घरातलं पानाचं तबक माळ्यावर पडलेलं. पान आणलं कुणी, कात आणला कुठून, हे प्रश्न मला तिसऱ्या दिवशी सुचले. ह्यांना ते तिथल्या तिथे सुचले असणार. पण विडा खोटा आहे असं ते म्हणाले नाहीत. रजा टाकून आले आणि म्हणाले, "नगरला जाऊन येऊ."

पेट्रोल नव्हतं म्हणून त्या दिवसांत मोटारी कोळशावर चालत. मागे भट्टी लावलेली असायची, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. इमामपूरच्या घाटात सगळे उतरले. मीही उतरले, पदर खोचला आणि पुरुषांच्या बरोबरीनं मोटारीला हात लावला. फुप्फुसाला भोक पडलेली बाई घाटात मोटार ढकलते आहे. माझ्यापेक्षा शहाणी बाई त्या दिवशी तालुक्यात नसावी. चारचौघांत बायकोचा हात धरायची तेव्हा रीत नव्हती. ह्यांनी आपली छत्री माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "ही धर." छत्री धरायची म्हणून मला मोटार सोडावी लागली.

दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि ह्यांना आत बोलावलं. बऱ्याच वेळानं हे आले. काय म्हणाल्या, मी विचारलं.

"पडून राहायला सांगितलंय."

"किती दिवस?"

"बरेच."

आता ऐका माझी अक्कल. मला मळमळत होतं, अशक्तपणा होता, आणि डॉक्टरीणबाई पडून राहायला सांगतात. मी ठरवलं की मला दिवस गेलेत. व्हरांड्यातल्या खाटेवर मला नेऊन झोपवलं तेव्हा मी लाजत होते. मुलगा होणार, त्याचं नाव वसंत ठेवायचं, इथपर्यंत माझी मजल गेली. शेजारच्या खाटेवर पारनेरच्या गंगाबाई होत्या. त्यांना मी हळूच विचारलं, तुम्हाला कितवा महिना. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, ह्या व्हरांड्यात बाळंत व्हायला कुणी येत नाही."

तेव्हा मला कळलं. क्षय. हा शब्द आमच्याकडे मोठ्यानं उच्चारत नसत. ज्या घरात तो शिरे त्या घरातली सोयरीक लोक मोडत. मी भिंतीकडे तोंड केलं आणि मला काय आठवलं असेल? कुमुदचा परकर अर्धवट शिवून टाचणी लावून ठेवला होता. ती टाचणी तिला टोचेल, एवढंच घोकत राहिले.

झाकणाचा डबा

दवाखान्यात दीड महिना होते. सकाळी तापमापक, संध्याकाळी तापमापक. थुंकायला झाकणाचा डबा. चार वाजता दूध. दुपारी दोन तास बोलायचं नाही, आणि नेमक्या त्याच दोन तासांत मला जगातलं सगळं बोलायचं असायचं. पायाच्या अंगठ्यानं मी शेजारची पाण्याच्या तांब्याची घडवंची हळूहळू ओढायची आणि परत ढकलायची. नर्सबाईंनी एकदा विचारलं, ही रोज सरकते कशी? मी म्हटलं, फरशीला उतार असेल.

पहिल्याच आठवड्यात ताटलीत अंडं आलं. उकडलेलं, सोललेलं, पांढरं. मी असं काही जवळून पाहिलंच नव्हतं. चादर डोक्यावरून घेतली आणि आतून ओरडले, "प्राण गेला तरी खाणार नाही." डॉक्टरीणबाई आल्या, समजावलं, रागावल्या. मी चादरीच्या आत. माझा धर्म आणि माझं माहेर, दोन्ही त्या ताटलीवर येऊन ठेपलेले. गंगाबाईंनी स्वतःचं खाल्लं आणि वर माझंही खाल्लं. त्या दिवशी हे भेटायला आलेले होते. दारात उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाई त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. हे टोपी हातात घेऊन ती गोल गोल फिरवत होते. एवढंच मला चादरीच्या फटीतून दिसलं.

मी निघायच्या आठ दिवस आधी गंगाबाईंची खाट रिकामी झाली. सकाळी जाग आली तेव्हा त्यांची गादी अंगणात उन्हात टाकलेली होती. त्या दिवशी मी घडवंची सरकवली नाही.

लिंबाखाली

दवाखान्यात खाटा कमी. घरी न्या, पण वेगळं ठेवा, मोकळ्या हवेत, असं त्यांनी सांगितलं. घरात लहान मूल, वेगळं ठेवणार कुठे? हे काय करताहेत ते मला कुणी सांगितलं नव्हतं. परत आलो तर गावाबाहेर दगडूच्या वावरात, लिंबाच्या झाडाखाली, एक छप्पर उभं होतं. कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट, दोन्ही बाजूंनी उघडं. दगडूचा मुलगा ह्यांच्या शाळेत होता. दगडू म्हणाला, "मास्तर मागत हुते नुसती जागा. म्या म्हनलं, लिंबाखाली घ्या. हवा लई चांगली हाय." कूड ह्यांनी स्वतः बांधला होता. दोन्ही तळहातांना फोड होते.

हे सकाळी शाळेआधी येत आणि संध्याकाळी शाळेनंतर. अंग पुसायचं पाणी आणत, कपडे उकळत, थुंकीच्या डब्यातलं पुरून टाकत. सासूबाईंनी केलेला स्वयंपाक वेगळ्या डब्यातून येई. आणि सूर्य मावळायच्या आधी हे कुमुदला कडेवर घेऊन येत. बांधापाशी थांबत, चाळीस पावलांवर. त्याच्या पुढे नाही. कुमुद तिथून हात हलवी. तिची वेणी हेच घालत, ती एका कानामागून सुरू होऊन दुसऱ्या खांद्यावर संपे. मी खाटेवरून ओरडून सांगायची, सरळ भांग पाडा. हे मान डोलवत. दुसऱ्या दिवशी वेणी तशीच.

आणि एक पेला. रोज सकाळी दूध, त्यात जायफळ, गूळ, आणि काहीतरी दाट, पिवळसर. चव ओशट. मी नाक मुरडलं.

"काय आहे हे?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पौष्टिक आहे."

त्याला वास यायचा. पण दवाखान्यातल्या माशाच्या तेलालाही वास यायचा, ते औषध म्हणून मी प्यायलेच होते. शिवाय कशाचा वास आहे हे ओळखायला मी त्या वस्तूच्या जवळ कधी गेले होते? मी नाक धरून प्यायची. पेला घेऊन हे छपरामागे जात, कुदळीनं थोडं खणत, परत माती लोटत. थुंकीच्या डब्यातलं पुरताहेत असं मी समजायची. कोपऱ्यात कोंड्यानं भरलेलं एक मडकं होतं. ते छाती शेकायला ठेवलंय अशी माझी समजूत. सात महिन्यांत त्यातल्या कोंड्यानं कुणी माझी छाती शेकली नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. इतकी मी हुशार.

रविवार

पडून राहिलेल्या माणसाचं मन फार वंगाळ होतं, सुनंदा. शरीर जेवढं स्वस्थ तेवढं ते धावतं. हे तुलाही होईल, तेव्हा घाबरू नकोस. पण मन जे सांगेल त्यावर विश्वासही ठेवू नकोस.

उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की हे दर रविवारी दुपारी कुठेतरी जातात. दाढी केलेली, धुतलेलं धोतर, काळी टोपी, छत्री, हातात कापडी पिशवी. छपरावरूनच वाट जात होती. पुढे एक फाटा नेवाशाला आणि एक नदीच्या उताराकडे. लिंबाच्या बुंध्याआड तो फाटा मला दिसत नसे. कुठे जाता, म्हटलं तर म्हणत, "जाऊन येतो."

जाऊन येतो. ह्या दोन शब्दांवर मी किती रविवार काढले. खाट सरकवून फाटा दिसतो का पाहिला. अंगठ्यानं खाट सरकत नाही, म्हणून उठून ओढली. दिसला नाहीच. दम लागला तो वेगळा.

मग एका संध्याकाळी कुमुद बांधावरून ओरडली, "आई, नेवाशाची मावशी आली होती. ती म्हणाली, बाबांचं लग्न करू या. आजी म्हणाली, बघू."

नेवाशाची मावशी म्हणजे सासूबाईंची मावसबहीण. तिच्या दिरांना दोन लग्नाच्या मुली होत्या, हे मला ठाऊक होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघता कुमुदला म्हणाले, "चल, अंधार होईल." आणि गेले. त्यांनी तेव्हा एक "नाही" म्हटलं असतं तर माझं पुढचं सगळं वाचलं असतं. पण मुलीच्या अंगावर ओरडायचं नाही आणि आईबद्दल बायकोपाशी बोलायचं नाही, हे त्यांचे दोन नियम होते.

त्या काळी दुसरं लग्न म्हणजे विशेष काही नव्हतं. क्षयाची बायको असेल तर कुणी नावंही ठेवली नसती. मी स्वतःला समजावलं, कुमुदला आई हवीच. पाच मिनिटं समजावलं. मग त्या न पाहिलेल्या मुलीला मनातल्या मनात काळी, तिरळी आणि फेंगडी करून टाकलं. मला मरायची भीती वाटत होतीच. पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती एका गोष्टीची होती. मी बरी होऊन घरी जाईन आणि माझी जागा भरलेली असेल.

श्रावण संपेपर्यंत माझा ताप उतरला होता, अंग भरलं होतं. मला वाटे, ही मोकळी हवा आणि माझा निग्रह. ते पौष्टिक मी हिशेबातच धरलं नव्हतं.

भाद्रपदात एक दिवस हे आलेच नाहीत. दगडूची बायको पारूबाई जेवण घेऊन आली. मास्तर कुठे, विचारलं तर म्हणाली, "कामात हायेत." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि माझ्याकडे न बघता. संध्याकाळी कुमुदही आली नाही. सकाळचा पेला बंद. मधे एक रविवार गेला, मग दुसरा आला. मी बोटं मोजत होते: मुहूर्त, हळद, लग्न, वरात. भाद्रपदात लग्नं होत नाहीत एवढंही मला सुचलं नाही. भटाघरची मुलगी मी, आणि पितृपंधरवड्यात नवऱ्याचं लग्न लावून मोकळी झाले.

बांधावर

त्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी उठले. सात महिन्यांनी पायांत वहाणा घातल्या. नेवाशाला जायचं, मांडवात उभं राहायचं आणि काय करायचं ते तिथे गेल्यावर बघायचं, असा बेत. लुगडं नीट नेसले, कुंकू रेखलं. सवतीपुढे अवतारात कसं जाणार?

चाळीस पावलं गेले असेन. छातीत मोरानं पिसारा झाडावा तशी सळसळ झाली, खोकला आला, आणि बांधावर बसले तेव्हा पदर पुन्हा लाल झाला होता. या वेळी विडा म्हणायलाही कुणी नव्हतं. 

नदीकडच्या वाटेनं एक म्हातारी येत होती. डोक्यावर पाटी, त्यावर फडकं. मला पाहून तिनं पाटी उतरवली, मला टेकून बसवलं, तोंड पुसलं. क्षयाचं रक्त आहे हे तिला दिसत होतं, पण ती बिचकली नाही. मग म्हणाली, "तुमीच का मास्तरीनबाई? लिंबाखालच्या?"

मी मान हलवली.

"म्या येसू. नदीपल्याडची. दोन आइतवार मास्तर आलं न्हाईत. म्हनलं, नासून जातील. म्हून नावंत बसून आले."

"काय नासेल?"

तिनं फडकं उचललं. कोंड्यात रांगेनं अंडी ठेवलेली होती.

येसूबाईनं मग सगळं सांगितलं, माझ्या पाठीवरून हात फिरवत, थांबत थांबत. फाल्गुनापासून मास्तर दर रविवारी नदी उतरून तिच्याकडे येत होते. गावात कुणाकडे मागितली असती तर तासाभरात सासूबाईंच्या कानावर गेलं असतं. आणि नगरच्या कॅम्पात पलटणीसाठी अंडी गोळा करणारा माणूस गावोगाव फिरत होता, त्याच्या आधी पोचावं लागे. पहिल्या रविवारी मास्तर तिच्या दारात अर्धा तास उभे होते, काय हवं ते तोंडातून निघेना. "मला वाटलं, पोरगी बघाया आलाय जनू," असं येसूबाई म्हणाली आणि हसली. अंडं दुधात कसं फेटायचं, वास कसा मारायचा, जायफळ किती, टरफलं कशी पुरायची, हे सगळं तिनंच शिकवलेलं. पहिलं फोडलं तेव्हा मास्तर अंगणाबाहेर जाऊन ओकून आले होते.

मी आधी हसले. लग्न नव्हतं. मुलगी नव्हती. नेवाशाचा फाटा नव्हताच. हसताना पुन्हा खोकला आला, येसूबाईनं दटावलं. आणि मग सावकाश दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मी सात महिने रोज अंडं खात होते. प्राण गेला तरी नाही म्हणणारी मी, अंड्यानं अंग धरलेली.

येसूबाईनं मला खाटेवर आणून झोपवलं. म्हणाली, आता मास्तरांना बघून येते, घर कुठं ते सांगा. आणि मी, अजून हसू आणि रडू दोन्ही आवरत नसलेली, तिला नीट खूण सांगितली. पारावरून डावीकडे, दारात तुळशीवृंदावन आहे तेच घर.

ती निघून गेल्यावर बऱ्याच वेळानं मला कळलं की मी काय केलं.

ओसरी

पुढचं पारूबाईनं सांगितलं, ती तेव्हा आमच्या अंगणात होती. हे दहा दिवस हिवतापानं पडलेले होते. मी घाबरेन म्हणून मला कळवायचं नाही, असं ह्यांनीच सगळ्यांना बजावलेलं. ओसरीवर घोंगडी घेऊन हे कुडकुडत होते आणि येसूबाई अंगणातूनच म्हणाली, "मास्तर, अंडी आनलीत वो."

सासूबाई आतून बाहेर आल्या. पाटीकडे पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "कुणासाठी?"

येसूबाई पाटी सावरून मागे सरली. हे उठून बसले.

"दोघांसाठी," हे म्हणाले. "तिलाही देतो आणि मीही खातो."

ह्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. शाळा तपासायला दिपोटी येत तेव्हा बाकीचे मास्तर हजेरी फुगवून ठेवत. हे जेवढी मुलं तेवढीच मांडत आणि बोलणी खात. हा माणूस खोटं बोलत नाही, हे गावाला माहीत होतं आणि त्याच्या आईला सर्वांत जास्त. सासूबाई आत गेल्या. ह्यांचं ताट, वाटी आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या, ते ओसरीच्या कडेला ठेवलं आणि म्हणाल्या, "स्वयंपाक मी करीन. आत यायचं नाही."

अंडी परत गेली नाहीत. ती लिंबाखालच्या मडक्यात पोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पेला नाक न धरता प्यायले. बांधावरच्या त्या फेरीनं माझे तीन महिने वाढले. ह्यांनी त्यावरून मला एक शब्द ऐकवला नाही. बरे होऊन परत आले तेव्हा फक्त माझ्या वहाणा उचलून दगडूच्या घरी ठेवून आले.

अकरा महिन्यांनी नगरला पुन्हा फोटो काढला. डाग सुकला होता. मी घरी आले. कुमुद पहिल्या दिवशी चाळीस पावलांवरच थांबली, तिला तीच सवय झालेली. मी हात पुढे केला तरी बांध नसलेल्या अंगणात ती बांध शोधत होती. मग तिला उचलली.

ओसरीवर ह्यांच्या ताटाशेजारी सासूबाईंनी माझं ताट मांडलेलं होतं. तिथे आम्ही दोघं चौदा वर्षं जेवलो. सासूबाई आतून येत, वरून वाढत, ताटाला पळी लागू देत नसत. तूप मात्र कधी कमी वाढलं नाही. नेवाशाच्या मावशीचं काय झालं, ते त्यांनीच मला पुढे वाढता वाढता सांगितलं. ह्यांनी तिला म्हटलं होतं, "माझं लग्न झालेलं आहे," आणि पानावरून उठून गेले होते.

पाठची दोन मुलं झाली, तीही आमच्याबरोबर ओसरीवर वाढली. सासऱ्यांचं श्राद्ध करायला मात्र धाकटे दीर संगमनेरहून येत. थोरले असून हे ओसरीवर बसून आतले मंत्र ऐकत. त्या दिवशी हे दिवसभर कुणाशी बोलत नसत. म्हणजे इतर दिवसांपेक्षाही कमी. आणि मी? मी चेष्टा करायची. अंडं खायची हौस होती ना, भोगा आता, असं म्हणायची. एकदा नाही, शंभरदा म्हटलं असेल. हे भात कालवत हसत.

सासूबाई गेल्या, त्यानंतर ताटं आत आली. मुलं शिकली. हे निवृत्त झाले आणि खिशातले खडू संपले. मोठं असं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नाही, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते.

शेवटच्या वर्षी हे फार खंगले. जेवण जाईना. तरुण डॉक्टर आला, तपासलं, म्हणाला, आजोबांना रोज एक अंडं द्या. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आयुष्यात एकदा मला फेडायची संधी. अंडं उकडलं, सोललं, मीठ-मिरपूड लावली, बशीत घेऊन गेले. म्हटलं, "घ्या. तुमची जुनी सवय."

त्यांनी तोंड बाजूला केलं. "नको. वास येतो."

"आता वास येतो? आणि तेव्हा?"

"तेव्हाही यायचा."

मी बशी हातात धरून उभी. ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "मी कधी खाल्लं नाही गं."

मी बशी खाली ठेवली. चौदा वर्षं, वरून वाढलेली ताटं, दरवर्षीचं ते श्राद्ध, आणि माझी शंभरदा केलेली चेष्टा.

"मग आईंना तसं का सांगितलंत?"

"तू एकटी बसली असतीस बाहेर."

एवढंच. मग म्हणाले, खिडकी लाव, वारा लागतोय. मी खिडकी लावली, त्यांच्या पायांवर शाल टाकली. बशीतलं अंडं निवत चाललं होतं. मी ते तिथेच, त्यांच्या खाटेशेजारी बसून खाल्लं.